हेळव्याच्या वहीत नसलेली आत्या

यंदा फाल्गुनात आमच्या दारी हेळवी आला तो मोटारसायकलवरून. त्याचा आजा यायचा नंदीवर बसून. नंदीच्या गळ्यातली घंटा वेशीपाशी वाजली की आम्ही पोरे हातातले घुंगरांचे काम टाकून पळत सुटायचो आणि मागून वडिलांच्या शिव्या यायच्या. आता घंटेच्या जागी भोंगा वाजला. तरी पठ्ठ्याने मोटारसायकलच्या दांड्याला एक लहानशी पितळी घंटा बांधलेली होती. परंपरेचा तेवढा मान त्याने राखला होता.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना हेळवी म्हणजे कोण, हे सांगायला हवे. आमच्या कोल्हापूर, सांगली, बेळगाव या मुलखात घराण्यांच्या वंशावळी राखणारी ही मंडळी. मातृभाषा कानडी, कानडीत ‘हेळु’ म्हणजे ‘सांग’. पिढ्यान्‌पिढ्यांची घरे त्यांनी आपसांत वाटून घेतलेली असतात. सुगी झाली की हेळवी दाराशी येतो, वही उघडतो आणि तुमचा मूळपुरुष कोण, तो कुठल्या गावाहून आला, त्याला मुलगे किती, कोणाचा वंश वाढला आणि कोणाचा खुंटला, हे सारे एका सुरात म्हणून दाखवतो. मग घरात नवा मुलगा झाला असेल तर त्याचे नाव लिहून घेतो आणि धान्य, कपडा, पैसा, जे मिळेल ते घेऊन पुढच्या घराकडे जातो.

आमच्या घराण्याचे चौदा पुरुष त्याने दहा मिनिटांत म्हटले. सौभाग्यवतीने सुपातून ज्वारी आणली. एरवी मी नमस्कार करून त्याला वाटेला लावला असता. पण या खेपेला माझे एक काम होते, आणि ते काम सांगायला जीभ रेटत नव्हती.

ते काम मला लावून दिले होते अमेरिकेतल्या एका पोरीने.

ही पोर म्हणजे माझ्या आतेभावाची मुलगी. न्यू जर्सी संस्थानात बर्लिंग्टन नावाचा परगणा आहे, तिथे ती नवऱ्याबरोबर राहते. दिवाळीनंतर एका रविवारी तिचा फोन आला. ख्यालीखुशाली झाली आणि एकदम म्हणाली, “काका, आपली वंशावळ असते ना हो तुमच्याकडे? तिच्यात माझी आजी कुठे आहे?”

तिची आजी म्हणजे माझी सख्खी आत्या. आमच्याकडे आत्याला आत्ती म्हणतात. आत्तीने १९६९ साली जातीबाहेर लग्न केले. मुलगा इचलकरंजीचा, यंत्रमागावर जॉबर होता. माणूस हिऱ्यासारखा, हे पुढे सगळ्यांनीच मान्य केले. पण त्या वेळी आजोबांनी अंघोळ केली आणि “मला मुलगी नाही” असे चौकात उभे राहून सांगितले. हुपरी ते इचलकरंजी हे अंतर एस. टी. ला अर्ध्या तासाचे. आत्तीला ते ओलांडून माहेरी यायला आजोबा वारल्यानंतरही जमले नाही. आजोबा १९८१ साली गेले आणि घरात त्यांचा शब्द त्यांच्यापेक्षा जास्त जगला. अशी घरे पुष्कळ आहेत.

वडील मात्र दर भाऊबीजेला ‘सुताच्या व्यापाऱ्याकडे वसुलीला’ म्हणून इचलकरंजीला जात. आम्ही चांदीचे कारागीर. सुताच्या व्यापाऱ्याकडे आमची कसली वसुली? आईला हे ठाऊक होते. ती काही बोलत नसे, डब्यात चकल्या मात्र दुप्पट भरून देई.

तर पोरीने विचारले, आजी कुठे आहे. मी म्हटले, “पाहून सांगतो.” आणि विषय बदलावा म्हणून विचारले, “हे खूळ आज कुठून आले तुझ्या डोक्यात?”

तेव्हा तिने मला स्टोक्स घराण्याची हकीकत सांगितली. पुढे मी स्वतःही त्याबद्दल मिळेल ते वाचले, आणि ते इतके रंजक निघाले की या सदरात त्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही.

तिच्या घरापासून जवळच क्वेकर पंथाचे एक जुने सभागृह आहे. क्वेकर म्हणजे ख्रिस्ती धर्मातलाच एक पंथ. जॉर्ज फॉक्स नावाच्या इंग्रजाने सतराव्या शतकाच्या मध्याला काढलेला. त्यांच्यात धर्मगुरू नाही, मूर्ती नाही, मंत्र नाही. रविवारी सगळे एकत्र जमतात आणि गप्प बसतात. ज्याला आतून काही सुचेल त्याने उठून बोलावे; नाही सुचले तर तासभर शांत बसून घरी जावे. (आमच्या गावच्या सभांत ही चाल सुरू करण्यासारखी आहे.) शपथ घ्यायची नाही, हत्यार धरायचे नाही, कोणापुढे टोपी काढायची नाही. आणि सर्वांत मौज म्हणजे त्या काळच्या इंग्रजीत मोठ्या माणसाला बहुवचनाने आणि बरोबरीच्या किंवा खालच्या माणसाला एकवचनाने बोलायचा जो रिवाज होता, तोही त्यांनी मोडला. न्यायाधीश असो की सरदार, सगळ्यांना सरसकट ‘तू’. आपण मराठी माणसे आईला आणि देवाला ‘तू’ म्हणतो, म्हणून ते आपल्याला गोड वाटते. पण फौजदाराला ‘तू’ म्हणून पाहावे म्हणजे क्वेकर लोक तुरुंगात का जात, हे कळेल. हजारोंनी ते तुरुंगात गेले.

या छळाला कंटाळून त्यांच्यातल्या कित्येकांनी समुद्र ओलांडला. १६७७ साली ‘केंट’ नावाचे एक जहाज लंडनहून सुमारे २३० माणसे घेऊन निघाले; बहुतेक सारे क्वेकर. डेलावेअर नदीच्या काठी उतरून त्यांनी बर्लिंग्टन गाव वसवले. विल्यम पेनने पेनसिल्व्हानिया काढली ती याच्या नंतर, १६८१ च्या सनदेने. त्या केंट जहाजावरच्या मंडळींत थॉमस स्टोक्स आणि त्याची बायको मेरी ही होती. त्यांचा वंश त्या परगण्यात इतका पसरला की १९०३ साली रिचर्ड हेन्स नावाच्या गृहस्थाने या कुटुंबाची अख्खी वंशावळ पुस्तकरूपाने छापली. आणि त्या पुस्तकाचे शीर्षक काय? ‘थॉमस आणि मेरी स्टोक्स यांच्यापासून झालेला वंश’. नवरा-बायको दोघेही मूळपुरुष! आमच्या चौदा पुरुषांतल्या एकाच्याही बायकोचे नाव मला सांगता येणार नाही. आजीचे नाव तेवढे ठाऊक, तेही मालमत्तेच्या उताऱ्यावर पाहिलेले.

असे पुस्तक छापता आले, त्याचे कारण क्वेकरांच्या वह्या. धर्मगुरू नसल्यामुळे सारा कारभार महिन्याच्या सभेत चाले, आणि सभेत जे होईल ते लिहून ठेवायचे हा दंडक. जन्म लिहिला जाई, मुलाचा तसा मुलीचाही. मृत्यू लिहिला जाई. लग्नाला भटजी नसल्याने वधूवर स्वतःच उभे राहून एकमेकांना वचन देत, ते वचन कागदावर उतरवीत, आणि हजर असलेली सारी मंडळी, बायामुलींसुद्धा, त्याखाली साक्षीच्या सह्या करीत. तारखाही त्यांच्या वेगळ्या. महिन्यांना आणि वारांना रोमन आणि नॉर्स देवांची नावे आहेत म्हणून ती नावे उच्चारायची नाहीत. ‘पहिला महिना’, ‘पाचवा वार’ असे लिहायचे. बायकांची सभा निराळी भरे आणि तिचीही वही निराळी असे.

इथपर्यंत ऐकून मी म्हटले, “मोठी पुढारलेली माणसे दिसतात.” पोरगी हसली. म्हणाली, “काका, पुढचे ऐका. ती लोक जातीबाहेर लग्न केलेल्यांना बाहेर काढायची.”

आणि ते खरे आहे. क्वेकर मुलीने वा मुलाने पंथाबाहेर लग्न केले, किंवा पाद्र्यापुढे जाऊन केले, तर सभा त्याच्याकडे माणसे पाठवी. समजूत घालून पाही. नाहीच ऐकले, तर त्याला पंथातून काढल्याचा ठराव होई. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तर ही शिस्त फार कडक झाली आणि त्यापायी माणसे भराभर कमी झाली. म्हणजे तिथेही आजोबा होतेच.

परंतु एक फरक होता. हा ठरावसुद्धा ते वहीत लिहीत. अमुकची मुलगी अमुक, हिने अमुक महिन्यात पंथाबाहेर लग्न केले, सबब तिला आम्ही आपली म्हणत नाही, असे नावानिशी, तारखेनिशी. काढून टाकलेले माणूस वहीत राही. पुढे त्या माणसाला वाटले तर त्याने चूक झाल्याचा कबुलीचा कागद सभेला द्यावा आणि सभेने त्याला परत घ्यावे, अशीही सोय होती; आणि तो कागदही त्याच वहीत. आज दोनशे-अडीचशे वर्षांनी कोणी पणतीची पणती स्वार्थमोअर किंवा हॅवरफर्ड इथल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत जाऊन तो पाहू शकते. पोरगी तेच पाहून आली होती. तिथल्या कोणा अनोळखी, काढून टाकलेल्या मुलीचे नाव वाचून तिला आपली आजी आठवली, आणि म्हणून मला फोन.

आता या वह्यांत सारेच आले आहे असे मात्र कोणी समजू नये. लिहिणाऱ्याच्या मनात जे माणूस नसते ते वहीतही नसते, मग तो लिहिणारा क्वेकर असो की हेळवी.

बर्लिंग्टनची ही सुपीक जमीन काही मोकळी पडलेली नव्हती. ती लेनापे नावाच्या तिथल्या मूळ लोकांची. क्वेकरांनी ती तलवारीने घेतली नाही, खरेदीखते केली, याचा त्यांना अभिमान असे. आणि इतर गोऱ्यांच्या मानाने तो खराही होता. पण जमीन कायमची विकायची असते ही कल्पना लेनापेंची नव्हे. त्यांच्या लेखी ती वापरायला देण्याची गोष्ट होती. पुढे विल्यम पेनच्या मुलांनी तर कमालच केली. एक जुना कागद पुढे करून ते म्हणाले की दीड दिवसात माणूस चालेल तेवढी जमीन आम्हाला देण्याचा करार आहे. लेनापे बिचारे समजले, माणूस चालतो तसा चालेल, दमेल, बसेल, चिलीम ओढेल. १७३७ साली पेन बंधूंनी जंगलातून आधी वाट साफ करून ठेवली आणि तीन चपळ माणसे भाड्याने लावली. त्यांतल्या दोघांचा दम सुटला. एडवर्ड मार्शल नावाचा तिसरा दीड दिवसात साठ मैलांवर गेला. तेवढी सारी भूमी लेनापेंच्या हातची गेली. आपण बलिप्रतिपदेला तीन पावलांची गोष्ट मुलांना सांगतो. तिथे ती दीड दिवसांची आहे, आणि तिथल्या बळीला पाताळाचे राज्यसुद्धा कोणी दिले नाही.

गुलामांचेही तसेच. क्वेकर म्हटले की गुलामगिरीचे विरोधक असे आपण वाचतो. ते खरे, पण पुष्कळ उशिराचे खरे. खुद्द विल्यम पेनकडे गुलाम होते. १६८८ साली जर्मनटाउनच्या चौघांनी गुलामगिरीविरुद्ध अर्ज लिहिला. एका सभेने तो वरच्या सभेकडे पाठवला, तिने आणखी वरच्या सभेकडे, आणि शेवटी तो दप्तरी पडला. आपल्याकडच्या कचेऱ्यांचा अनुभव असणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम बाळगण्यास मनाई केली ती १७७६ साली. म्हणजे मध्ये अठ्ठ्याऐंशी वर्षे गेली.

त्या अठ्ठ्याऐंशी वर्षांत एक माणूस होऊन गेला, त्याच बर्लिंग्टन परगण्यातला. जॉन वुलमन. १७२० चा जन्म. माउंट हॉली गावी तो शिंप्याचे काम करी आणि लोकांचे कागदपत्र लिहून देई. तरुणपणी तो एका दुकानदाराकडे कारकून होता. मालकाने एक दिवस सांगितले, माझी निग्रो बाई विकली आहे, खरेदीखत लिही. गिऱ्हाईक बाहेर ताटकळत उभे. वुलमनने लिहिले; पण लिहिताना त्याच्या जिवाला इतके लागले की पुढे तो कोणाचे मृत्युपत्र लिहायला बसला आणि त्यात ‘माझा गुलाम अमुक मुलाला द्यावा’ असे आले, की लेखणी खाली ठेवी. भांडण नाही, आरडाओरडा नाही. “एवढे मला लिहिता येणार नाही,” इतकेच. पुष्कळदा समोरचा माणूस विचारात पडे आणि गुलामाला मोकळे करी. पुढे वुलमनने रंगवलेले कापडही वापरणे सोडले, कारण रंगाच्या मागे गुलामांचे कष्ट होते. १७७२ साली इंग्लंडात यॉर्क इथे तो देवीच्या रोगाने वारला. लेखणी खाली ठेवणारा हा शिंपी मला स्टोक्स मंडळींहून अधिक आवडला, हे कबूल करतो.

पण स्टोक्स घराण्याचे एक पान आपल्या देशात येऊन पडले आहे, ते सांगायचे राहिलेच.

फिलाडेल्फियाच्या स्टोक्सांकडे विजेच्या पाळण्यांचा, म्हणजे लिफ्टचा, मोठा कारखाना होता. त्या घरचा मुलगा सॅम्युअल इव्हान्स स्टोक्स, जन्म १८८२. वंशावळीचे पुस्तक छापून झाले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९०४ साली, बाविसाव्या वर्षी तो घर सोडून हिंदुस्थानात आला, सिमल्याजवळ सुबाथूच्या महारोग्यांच्या आश्रमात सेवा करायला. पुढल्या वर्षी कांगड्याचा भूकंप झाला, तिथे राबला. काही वर्षे साधूसारखा राहिला. मग १९१२ साली त्याने कोटगढच्या एका डोंगरी राजपूत ख्रिस्ती कुटुंबातल्या ॲग्नेस नावाच्या मुलीशी लग्न केले आणि तिथेच जमीन घेऊन शेतकरी झाला. गोऱ्या साहेबाने काळ्या मुलीशी राजरोस लग्न करायचे, तेही त्या काळात! हेळव्याला विचारले असते तर त्याने वही मिटली असती.

सिमल्याच्या डोंगरात त्या वेळी वेठबिगार चाले. साहेब दौऱ्यावर निघाला की गावकऱ्यांनी शेत टाकून त्याचे सामान वाहायचे. स्टोक्सने गावोगावच्या लोकांना उभे करून ती १९२१ साली तिथे बंद पाडली. त्याआधी १९२० च्या डिसेंबरात आपल्या नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, असहकाराच्या ठरावावर जिथे शिक्कामोर्तब झाले तेच, त्याला हा गृहस्थ कोटगढचा प्रतिनिधी म्हणून हजर होता. अखिल भारतीय काँग्रेस समितीवर गेलेला तो एकटाच अमेरिकन. १९२१ च्या डिसेंबरात वाघा इथे त्याला राजद्रोहासाठी पकडले आणि सहा महिने तुरुंगात टाकले. त्याचा मूळपुरुष ज्या सरकारच्या तुरुंगांच्या भीतीने जहाजात बसला, त्याच सरकारच्या तुरुंगात अडीचशे वर्षांनी वंशज आपण होऊन जाऊन बसला.

त्यांना सात मुले झाली. तारा नावाचे एक लेकरू आठव्या वर्षी पोटाच्या आजाराने गेले. त्याच्या नावाने बापाने कोटगढला शाळा काढली. १९३२ साली नवरा-बायकोने आर्य समाजाच्या मार्गाने हिंदू धर्म घेतला. तो सत्यानंद झाला, ती प्रियादेवी. १९४६ च्या मे महिन्यात, स्वातंत्र्याला वर्ष उरले असताना, तो वारला. त्यांच्या लालचंद या मुलाची पत्नी विद्या स्टोक्स हिमाचल प्रदेशाच्या राजकारणात पुढे आल्या, विधानसभेच्या अध्यक्ष झाल्या, मंत्री झाल्या. केंट जहाजातले ते आडनाव सिमल्याच्या विधिमंडळापर्यंत आले ते असे.

आता इतके सारे झाले तरी या माणसाला हिमाचलात लोक ओळखतात ते एका फळामुळे. त्या डोंगरात आधी जी सफरचंदे होत ती आंबट. स्टोक्सने १९१६ साली अमेरिकेतल्या स्टार्क बंधूंच्या रोपवाटिकेतून ‘रेड डेलिशस’ जातीची कलमे आणून बाग लावली आणि शेजाऱ्यांना फुकट वाटली. आज आपल्या फळवाल्याच्या हातगाडीवर लालभडक सिमल्याची सफरचंदे दिसतात, त्यांची सुरुवात तिथली. आणि गंमत पाहा. या जातीचे मूळ झाड सापडले आयोवातल्या जेसी हायाट नावाच्या शेतकऱ्याला, तोही क्वेकरच. रांगेबाहेर उगवले म्हणून त्याने ते रोप छाटले. ते पुन्हा फुटले. पुन्हा छाटले, पुन्हा फुटले. तेव्हा तो म्हणाला, एवढी जगायची हौस आहे तर जग बाबा. सफरचंदाचे बी पेरून तेच फळ कधी येत नाही. बी पेरले की भलतेच काही निघते. जात टिकवायची तर डहाळी कापून दुसऱ्या झाडावर कलमच करावे लागते.

हे मी आत्तीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “म्हंजे माज्यावानीच की रं ते.” आत्ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिला कशाचा काय अर्थ लावायचा हे सांगावे लागत नाही.

असो. हेळव्याकडे वळतो. तो ज्वारी पिशवीत ओतत होता. मी म्हटले, “पाहुणं, एक नाव घालायचं राहिलंय.”

त्याने वही पुन्हा उघडली. “नातू झाला व्हय मालक?”

“नातू न्हवं. आत्ती.”

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग मी सगळी हकीकत सांगितली. आजोबांनी तिचे नाव तुमच्या आजाकडून काढवले असेल, ते परत लिहायचे आहे, असे म्हणालो. त्याने शांतपणे आमची पाने उलटली. पणजोबांचे पान, आजोबांचे पान, वडिलांचे पान. मग म्हणाला, “काढलं न्हाई मालक. कायबी काढलेलं न्हाई. आमी लेकी लिवतच न्हाई.”

मी वही हातात घेतली. खरेच. पणजोबांना तीन मुली होत्या हे मला ठाऊक आहे. एकीचेही नाव नाही. माझ्या दोन्ही बहिणी नाहीत. माझी थोरली मुलगी नाही, जिच्या बारशाला याच हेळव्याच्या बापाला मी स्वतः धोतरजोडी दिली होती. चौदा पिढ्यांत आमच्या घरात एकही मुलगी जन्मलेली नव्हती. आजोबांनी त्या दिवशी चौकात उभे राहून जे सांगितले, ते आमच्या वहीच्या मते आधीपासूनच खरे होते. आणि मी पन्नास वर्षे त्या म्हाताऱ्याला एकट्याला दोष देत होतो.

“आता लिहा,” मी म्हटले.

“आमच्यात रीत न्हाई तशी.”

“रीत कुनी केली?”

“तुमीच की. तुमी सांगाल तसं आमी लिवतो. तुमच्या वाडवडलांनी पोरंच सांगितली.”

याला काय उत्तर द्यावे? आमच्या धंद्यात टंच काढतात, म्हणजे चांदी किती शुद्ध हे तपासतात. गिऱ्हाईक शुद्ध चांदी मागते. पण निव्वळ शुद्ध चांदीचे पैंजण करून पाहा, चार दिवसांत वाकते. थोडे तांबे घालावेच लागते, तेव्हा दागिना अंगावर टिकतो. हे मी त्याला सांगणार होतो. पण तो धंद्यातला नव्हे, त्याला ते व्याख्यान वाटले असते. मी आत जाऊन एक चांदीची अंगठी आणली आणि वहीवर ठेवली. सौभाग्यवती दारात उभी होती. ती म्हणाली, “तिच्यासंगं आपल्या पोरीचंबी लिहून घ्या. आनि वन्संचं, दोघींचंबी.” मग क्षणभर थांबून, “आनि माजं.”

हेळव्याने अंगठी बोटात घालून पाहिली, काढली, खिशात टाकली. पेन काढले. आमच्या पानावर जागा नव्हती. समासात उभे-आडवे करून त्याने पाच नावे लिहिली. लिहून झाल्यावर घंटा वाजवून ती म्हणून दाखवली. पुरुषांच्या नावांची चाल त्याला पाठ होती. बायकांची नावे त्या चालीत बसेनात, दोनदा तो अडखळला. तिसऱ्यांदा जमले.

संध्याकाळी मी इचलकरंजीला गेलो. यंदा भाऊबीजेची वाट कशाला पाहायची? आत्ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी खिशातून फोन काढून वहीच्या पानाचा फोटो दाखवला, मोठा करून. तिने चष्मा चढवला, ओठ हलवत समासातली अक्षरे वाचली, पुन्हा वाचली. मला वाटले, आता डोळ्यांना पदर लावणार.

ती म्हणाली, “ह्यात माझं कुठलं नाव लिवलंय रं? म्हायेरचं का सासरचं?”

मी हे पाहिलेच नव्हते. दोघांनी मिळून पुन्हा वाचले. हेळव्याने नुसते नाव लिहिले होते, आणि पुढे आजोबांचे नाव जोडले होते.

“सासरचंबी घालाय पायजे,” आत्ती म्हणाली. “तेनी काय कमी सोसलं व्हय माज्यापायी?”

त्याच रात्री मी हेळव्याला फोन लावला. तो चिकोडीकडे निघून गेला होता. म्हणाला, एवढ्यासाठी परत येता येत नाही, पुढच्या सुगीला येईन तेव्हा घालू. आणि त्यासाठी पुन्हा अंगठी लागणार का, असे मी विचारले, तर हसला आणि म्हणाला, “न्हाई मालक. जावई हाय न्हवं? जावई फुकट.”